जपान-सोव्हिएत युद्ध १९३९ सालीच पेटवणं: इतिहासाला धरून की नुसती पश्चातबुद्धी?

फासेकरी (धागाकर्ता)

मंडळी, एक भांडण सोडवायला मदत हवी आहे.

आमचा चौघांचा कंपू दर रविवारी एकाच्या घरी ‘वर्ल्ड इन फ्लेम्स’ मांडतो. माहीत नसणाऱ्यांसाठी: अख्ख्या दुसऱ्या महायुद्धाचा पटावरचा खेळ. षटकोनी घरांचे मोठाले नकाशे, पुठ्ठ्याच्या शेकडो सोंगट्या, एक चाल म्हणजे दोन महिने. डाव सप्टेंबर-ऑक्टोबर १९३९ पासून सुरू होतो आणि संपायला आम्हाला अर्धं वर्ष लागतं. नकाशा हलवता येत नाही, म्हणून त्या घरची मंडळी दोन महिने जमिनीवर पानं मांडून जेवतायत. असो.

गेल्या रविवारी दुसऱ्याच चालीत, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबर १९३९ मध्ये, आमच्या सोव्हिएत गड्याने होतं नव्हतं ते सैन्य पूर्वेला नेऊन मांचुरियात (चीनचा ईशान्य भाग, तेव्हा जपानच्या ताब्यात) घुसवलं. त्याचं म्हणणं, “जर्मनी १९४१ पर्यंत माझ्याकडे फिरकत नाही. तोवर हातावर हात ठेवून बसू का? जपान चीनमध्ये अडकलाय, आत्ता नाही तर कधी?” जपानी गडी भडकला. “१९४१ तुला ठाऊक आहे, स्टालिनला नव्हतं,” म्हणाला आणि अर्धा चहा टाकून घरी गेला.

तर हे दोघे इतक्या लवकर खरंच एकमेकांच्या अंगावर गेले असते का? आणि गेले असते तर खेळात दिसतं तसं काही झालं असतं का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

मंचुरियन_ड्राय

नाव बघून बोलावलंत का? वाचतोय. पहिला बाक धरला आहे.

---

हेक्सवाला

“गेले असते का” हा प्रश्नच चुकलाय. गेलेच होते. तुमचा डाव सुरू होतो त्याच महिन्यात ते युद्ध संपलं, म्हणून पटावर दिसत नाही एवढंच.

मे १९३९. सोव्हिएतांच्या पंखाखालचा मंगोलिया आणि मांचुकुओ, म्हणजे जपानने मांचुरियात बसवलेलं बाहुलं राज्य, यांच्या मधली सीमा कुठली यावर वाद. जपानी म्हणत, खालखिन गोल नदी हीच सीमा. मंगोल म्हणत, नदीच्या पूर्वेला वीसेक किलोमीटरवर, नोमोनहान गावाजवळून जाते. दोन्हींच्या मध्ये वाळूच्या टेकड्या, डास आणि घोडी चारण्यापुरतं गवत. या पट्ट्यासाठी चार महिने लढाई झाली. जुलैत जपान्यांनी नदी ओलांडून बाइन-त्सागान टेकडी घेतली, पण त्यांच्याकडे सामान होतं एकाच तरंगत्या पुलाचं. सोव्हिएत सेनापती झुकोव्हने पायदळाची वाट न बघता रणगाडे अंगावर घातले. जपानी शिपायांनी पेट्रोलच्या बाटल्या फेकून त्यातले बरेच जाळले, तरी टेकडी सोडावी लागली. शेवटी २० ऑगस्टला झुकोव्हचा मोठा हल्ला. ५७ हजार माणसं, ४९८ रणगाडे, ३८५ चिलखती गाड्या, ५१५ विमानं. पाच-सहा दिवसांत जपानी सेनापती कोमात्सुबाराची २३वी डिव्हिजन वेढली गेली आणि महिनाअखेरीस संपली.

आता तुमच्या सोव्हिएत गड्याला एवढंच विचारा. समोरची डिव्हिजन नाहीशी झालेली, मांचुरियातल्या हैलारकडे जाणारं मैदान मोकळं. झुकोव्ह कुठे थांबला? मंगोलांनी सांगितलेल्या सीमारेषेवर. तिथे त्याने खंदक खणायला घेतले. १५ सप्टेंबरला मॉस्कोत युद्धविराम ठरला, १६ ला लागू झाला आणि १७ ला लाल सेना, म्हणजे सोव्हिएत फौज, पोलंडमध्ये शिरली. तारखांचा हा क्रम बघितला की स्टालिनच्या मनात काय होतं ते वेगळं सांगायला नको. पूर्वेचं दार लावून घेतल्याशिवाय तो पश्चिमेचं उघडत नव्हता.

म्हणजे जपानी गड्याचा राग बरोबर आहे, कारण मात्र चुकीचं आहे.

---

रणगाडाप्रेमी

सोव्हिएतचं राहू द्या, जपानकडून बघा. ‘हार्ट्स ऑफ आयर्न ४’ या संगणकावरच्या खेळात १ जानेवारी १९३६ ला जपान घेऊन बसलो. चीनला हात लावला नाही, सरळ उत्तरेला वळलो. १९३८ संपायच्या आत सैबेरियातलं बैकाल सरोवर गाठलं. ‘ॲक्सिस अँड ॲलाइज’ या पटावरच्या खेळात तर मांचुरियातून मॉस्कोपर्यंत जपानी रणगाड्यांची रांग लावणं हा जुना हातखंडा डाव आहे, सगळेच खेळतात. मग खऱ्या जपानने हे का केलं नाही? मला तर हा त्या शतकातला सगळ्यात मोठा हुकलेला चान्स वाटतो.

---

हेक्सवाला

@रणगाडाप्रेमी, ‘ॲक्सिस अँड ॲलाइज’ च्या पटावर तुमच्या रांगेला मॉस्को चार-पाच घरं लांब असतं. व्लादिवोस्तोक ते मॉस्को रेल्वेने सव्वानऊ हजार किलोमीटर आहे. आणि जपानकडे रणगाडे किती होते? जुलै १९३९ मध्ये यासुओकाची रणगाडा तुकडी थोडेच दिवस लढली. नुकसान बघून क्वांतुंग सेनेने, म्हणजे मांचुरियातल्या जपानी फौजेने, तिला मागे बोलावलं, कारण संपली तर दुसरी उभी करायला नव्हती. अशा सैन्याला तुम्ही बैकालला नेऊन ठेवलंत. दंडवत घ्या.

---

दहाचाकी

इतिहासातलं फार कळत नाही, पण माझा धंदा मालवाहतुकीचा. सहा गाड्या आहेत, कांद्याच्या हंगामात लासलगावहून लांबलांब जातात. या धाग्यामुळे झुकोव्हच्या पुरवठ्याचे आकडे शोधून वाचले आणि रात्री झोप लागली नाही.

त्याचं शेवटचं रेल्वे स्टेशन बोर्झ्या. तिथून आघाडी ६५० किलोमीटर, आणि मध्ये रस्ता म्हणावा असा रस्ता नाही. ऑगस्टच्या हल्ल्यासाठी न्यायचा माल: तोफांचा दारूगोळा १८ हजार टन, विमानांचा साडेसहा हजार टन, पेट्रोल-तेल १५ हजार टन, अन्न ४ हजार टन. आणि साडेसात हजार टन सरपण! मला आधी छपाईची चूक वाटली. मग लक्षात आलं, तिथे झाडच नाही. चूल पेटवायची तर लाकूडही सैबेरियातून आणायचं. बाकीचा किरकोळ माल धरून सगळं मिळून ५५ हजार टन.

एक फेरी जाऊन-येऊन तेराशे किलोमीटरच्या वर, पाच दिवसांची. आता माझा हिशेब. तेव्हाचा दीड टनी गाझ ट्रक शंभर किलोमीटरला वीसेक लिटर पेट्रोल खाणार असं धरा. एका फेरीला २६०-२७० लिटर, म्हणजे जवळपास २०० किलो. दीड टनाच्या गाडीतले दोन क्विंटल तिच्याच पोटात. टायर, पाटे, रेडिएटरचं पाणी अजून धरलेलंच नाही. ड्रायव्हर झोपतो कधी ते तर विचारूच नका. झुकोव्हला साडेतीन हजार ट्रक आणि चौदाशे टँकर हवे होते, हातात होते १,७२४ आणि ९१२. आणखी काही ऑगस्टच्या मध्यावर आले, तोवर तोफा ओढायच्या गाड्यासुद्धा मालाला जुंपल्या होत्या.

हे एका डासांच्या टेकडीसाठी. तुमचा सोव्हिएत गडी अख्ख्या मांचुरियात शिरलाय. त्याला विचारा, भाऊ, गाड्या कोणाच्या लावल्यात?

---

मंचुरियन_ड्राय

सरपण वाचून उडालोच. धागा वाचनखूण साठवली आहे.

---

काठावरचा

पानिपतावर भाऊसाहेबांची हीच गत झाली. रसद तुटली, मग उपाशी फौज बाहेर पडली.

---

रणगाडाप्रेमी

आलं पानिपत. मी पंचविसाव्या प्रतिसादाची पैज लावली होती, सातव्यातच हरलो.

@दहाचाकी, मुद्दा मान्य. पण मग जपानला तर सोपं होतं ना? त्यांचं रेल्वे स्टेशन हैलार, फक्त २०० किलोमीटर.

---

हेक्सवाला

गंमत तिथेच आहे. जपानी स्टाफचा हिशेब होता की रेल्वेपासून दोन-अडीचशे किलोमीटरच्या पलीकडे मोठी फौज पोसता येत नाही. स्वतःवरून जग ओळखलं. आपल्याला जमत नाही म्हणजे रशियनांनाही जमणार नाही, म्हणून समोर फार तर एखाद-दुसरी डिव्हिजन येईल हे धरून बसले. त्यांची स्वतःची पलटण हैलारहून पाठीवर ओझं घेऊन चालत गेली. ट्रक कमी, होते ते सांभाळून वापरायचे.

झुकोव्हनेही त्यांना त्याच भ्रमात ठेवलं. बचावाच्या सूचनांची पुस्तिका शिपायांत वाटली, रात्री भोंग्यांवरून खांब ठोकल्याचे आवाज ऐकवले. जपान्यांना वाटलं, हे हिवाळ्याची तयारी करतायत.

---

गुप्तहेर_नाना

एक राहिलंच. या मारामुळेच जपान घाबरून दक्षिणेकडे वळला आणि पर्ल हार्बर झालं. आणि सोव्हिएत हेर रिचर्ड सोर्गेने टोकियोतून “जपान हल्ला करणार नाही” ही खबर दिली म्हणून सैबेरियातल्या डिव्हिजन मॉस्को वाचवायला गेल्या. एका माणसाने महायुद्ध फिरवलं.

---

ओसाकाकर

नाना, गोष्ट म्हणून छान आहे, पण इतकी सरळ नाही हो. मी गेली बरीच वर्षं इकडे असते, जपानी वाचता येतं, म्हणून या विषयात थोडी घुसले आहे.

घाबरले असते तर जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर हल्ला करताच त्यांनी मांचुरियातलं सैन्य सात लाखांपर्यंत नेलं नसतं. त्याला नाव दिलं ‘क्वांतुंग सेनेचा विशेष सराव’, म्हणजे सरावाच्या नावाखाली युद्धाची तयारी. पण अट घातली होती: पूर्वेतल्या सोव्हिएत डिव्हिजन निम्म्यावर आल्या तरच हात घालायचा, आणि थंडी पडायच्या आत उरकायचं. इकडे पर्सिमॉनचं फळ असतं, काकी म्हणतात. कच्चं खाल्लं तर जीभ आखडते. तेव्हाचे अधिकारी हाच दाखला देत: फळ पिकून आपोआप पडेल तेव्हा झेलायचं, झाडावर चढायचं नाही. स्टालिनने काही डिव्हिजन पश्चिमेला नेल्या, पण तिथे नव्याही उभ्या केल्या. फळ पिकलं नाही. जुलैअखेर जपान दक्षिण इंडोचायनात शिरला, १ ऑगस्टला अमेरिकेने तेल तोडलं आणि ९ ऑगस्टला टोकियोने उत्तरेचा बेत त्या वर्षापुरता बासनात बांधला. सोर्गेची पक्की खबर गेली सप्टेंबरमध्ये. ती महत्त्वाची होतीच, पण निर्णय आधीच झाला होता. मारापेक्षा तेलाने जास्त काम केलं.

आणि उत्तरेत तेल होतं कुठे? उत्तर साखालिनमध्ये थोडं, त्यातही जपानला सवलतीचा वाटा मिळतच होता. मोठं तेल सापडलं १९५९ मध्ये, दाचिंगला. म्हणजे मांचुरियातच, त्यांच्या पायाखाली!

---

काठावरचा

तेलही गेले, तूपही गेले.

---

हेक्सवाला

ओसाकाकर ताई, जबरदस्त प्रतिसाद. सोर्गेबद्दल शंभर टक्के सहमत, खालखिन गोलबद्दल थोडा असहमत. १९३९ च्या माराने जपान दक्षिणेला वळला नाही हे खरं, पण “निम्म्यावर आल्या तरच” ही अट कुठून आली? १९३८ मध्ये खासान सरोवराजवळ अशीच टेकडीची मारामारी झाली, तेव्हा अशा अटी कोणी घालत नव्हतं. उलट जून १९३८ मध्ये सोव्हिएत गुप्तपोलिसांचा अतिपूर्वेचा प्रमुख ल्युश्कोव्हच पळून मांचुरियात आला होता. स्टालिनने चालवलेली लाल सेनेतली कत्तल किती खोलवर गेलीय ते त्याने सविस्तर सांगितलं. सोव्हिएत सेनापती ब्ल्युखर खासाननंतर दोन-तीन महिन्यांत अटकेत, नोव्हेंबरात मेलाच. माझ्या मते खरी पूर्ण युद्धाची वेळ असलीच तर ती १९३८ ची होती. तुमच्या डावातली १९३९-४० ची मुळीच नव्हे.

पण १९३८ मध्ये जपानचे हात चीनमध्ये कोपरापर्यंत अडकलेले. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं.

---

फासेकरी

अरे वा, धागा कुठल्या कुठे गेला. जपानी गड्याला लिंक पाठवली आहे, तो वाचतोय पण लॉगिन करत नाहीये.

एक विचारतो. मॉस्को विसरा. जपानने नुसतं व्लादिवोस्तोक तोडायचं म्हटलं असतं तर?

---

हेक्सवाला

ते जमण्यासारखं होतं. खाबारोव्स्कहून व्लादिवोस्तोकला जाणारी रेल्वे उसुरी नदीच्या बाजूने सीमेला चिकटून जाते. इमान गावाजवळचा पूल तर तोफेच्या टप्प्यात. जपान्यांनी समोर हुतोउला डोंगरात किल्ला पोखरला आणि तिथे ४१ सेंटिमीटर व्यासाची तोफ नेऊन ठेवली, त्या पुलासाठीच. सोव्हिएतांनी सीमेपासून लांबून दुसरा वळणमार्ग टाकला. ऑगस्ट १९४५ मध्ये सम्राटाच्या शरणागतीनंतरही त्या किल्ल्यातले लोक २६ तारखेपर्यंत लढत होते.

पण व्लादिवोस्तोकहून टोकियो हवाई मार्गाने हजार-अकराशे किलोमीटर. जपानी आरमाराला तिथल्या पाणबुड्यांची आणि शहरांना बॉम्बरांची धास्ती होती. बंदर घेतलं की ती गेली असती, हा एकच रोकडा फायदा. बदल्यात मिळणार बर्फ, जंगल आणि कधीही न संपणारी आघाडी. पुढे १९४२ नंतर हिशेब थोडा बदलतो: अमेरिकेने रशियाला पाठवलेल्या मालातला जवळजवळ निम्मा माल सोव्हिएत झेंड्याच्या जहाजांतून व्लादिवोस्तोकलाच उतरत होता, जपानच्या नाकासमोरून. तोवर जपान पॅसिफिकमध्ये गुंतला होता.

---

रणगाडाप्रेमी

माझं गाडं एका ठिकाणी अडलंय. खेळ म्हटल्यावर पश्चातबुद्धी येणारच. ती काढली तर खेळायचं काय? जे झालं तेच परत करायचं असेल तर माहितीपट बघू की. आणि ‘हार्ट्स ऑफ आयर्न’ मध्ये २०२१ पासून रेल्वे आणि पुरवठ्याची केंद्रं आली आहेत. सैबेरियात आता पूर्वीइतकं भटकता येत नाही.

---

ओसाकाकर

पश्चातबुद्धी नसलेला एक खेळ खरंच झाला होता, टोकियोत. १९४० मध्ये सरकारने ‘सोर्योकुसेन केंक्यूजो’ काढली, सर्वंकष युद्धाचा अभ्यास करणारी संस्था. वेगवेगळी खाती, लष्कर, आरमार, खासगी कंपन्या यांतली तिशीतली हुशार मुलं गोळा केली. १९४१ च्या उन्हाळ्यात त्यांचं लुटुपुटीचं मंत्रिमंडळ बनवलं. एक पंतप्रधान, एक अर्थमंत्री, असं. आणि अमेरिकेशी युद्ध झालं तर काय होईल हे आकड्यांवर खेळून बघायला सांगितलं. जहाजं किती बुडतील, किती बांधता येतील, तेल किती येईल. निकाल निघाला: सुरुवातीला जिंकू, मग युद्ध लांबेल, माल संपेल, शेवटी सोव्हिएत युनियन उतरेल आणि आपण हरू. २७-२८ ऑगस्टला हे खऱ्या मंत्र्यांपुढे मांडलं. युद्धमंत्री तोजोंचा सूर असा होता की हा टेबलावरचा अभ्यास झाला, प्रत्यक्ष युद्ध तसं होत नसतं, रशियाशी १९०४ मध्ये तरी जिंकू असं कोणाला वाटलं होतं?

सोव्हिएत युनियन उतरलं ९ ऑगस्ट १९४५ ला. आकडे लावणाऱ्या त्या मुलांचा अणुबॉम्ब तेवढा राहिला.

---

दहाचाकी

आपल्याकडेही मुनीम हिशेब मांडतो आणि शेठ म्हणतो, बघू.

---

हेक्सवाला

@रणगाडाप्रेमी, पश्चातबुद्धी मला चालते. खटकतं ते वेगळंच. खेळात ‘जपान’ म्हणजे एक माणूस, तोच ठरवतो. खरा जपान तसा नव्हता. १९३१ मध्ये मुकदेनजवळ रेल्वेरुळावर स्फोट घडवून मांचुरिया घेतला तो क्वांतुंग सेनेच्या अधिकाऱ्यांनी, टोकियोला न विचारता. एप्रिल १९३९ मध्ये मेजर त्सुजी मासानोबूने सीमेवरच्या सेनापतींसाठी सूचना लिहिल्या: सीमा स्पष्ट नसेल तिथे ती तुम्हीच ठरवा, आणि चकमक उडाली तर जिंकेपर्यंत लढा. महिन्याभरात नोमोनहान पेटलं. जूनमध्ये मंगोलियातल्या तामसाग-बुलाग विमानतळावर हल्ला करायचा घाट घातला. समजूत काढायला टोकियोहून अधिकारी निघालाय हे कळताच यांनी तो यायच्या आत, २७ जूनला, हल्ला उरकून घेतला.

म्हणून माझं मत: तुमच्या सोव्हिएत गड्याने थंड डोक्याने केलेली चढाई न पटणारी. पण कोणा मेजरच्या डोक्यात राख गेल्यामुळे दोन्ही सरकारांना नको असलेलं युद्ध पेटणं पूर्ण पटणारं. खेळाने ते फाशावर सोडायला हवं, खेळाडूवर नाही.

---

फासेकरी

हे आवडलं. घरचा नियम म्हणून असं करतो. चिनी आघाडी शांत असेल त्या प्रत्येक चालीत क्वांतुंग सेनेसाठी एक फासा. एक पडला की सीमेवर युद्ध सुरू, जपानी गड्याला विचारायचं नाही. सोव्हिएत बाजूने रेल्वेपासून तीन घरांपलीकडे जायचं तर दर सोंगटीमागे ट्रकची एक चकती खर्च. नियमपुस्तकात जपान-सोव्हिएत सक्तीच्या तहाची तरतूद आहेच, ती जरा सैल करू.

---

दहाचाकी

चकत्या कमी ठेवा.

---

फासेकरी

रविवारचा वृत्तांत. दोघांनाही नियम मान्य झाले, डाव एक चाल मागे नेला. सोव्हिएत गड्याला नऊ चकत्या दिल्या. मांचुरियाचा नकाशा बघत त्याने पंधरा मिनिटं बोटं मोजली आणि अख्खी फौज परत पश्चिमेला नेऊन ठेवली. जपानी गडी खूश, म्हणाला “आता मी निवांत दक्षिणेला जातो.” त्याने सगळी जहाजं फॉर्मोसाला (आताचं तैवान) गोळा केली.

मग क्वांतुंगचा फासा टाकला. एक.

“पण मी हल्ला करतच नाहीये!” तो ओरडला.

आम्ही तिघे एकदम: “तुला विचारलंय कोणी?”

चहा या वेळी पूर्ण प्यायला. पुढचा डाव दिवाळीनंतर, कारण काकूंनी टेबल परत मागितलं आहे.